ट्वेटच्या दोनशे पुंगळ्या

*

नेमबाजी क्लबाच्या भिंतीवर, कॉफीच्या यंत्राच्या वर, एक पाटी: दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालू नये. खाली कुणीतरी पेन्सिलीने: सासऱ्याने भरलेलं तर मुळीच नाही.

*

शिशाची एक कात, कापलेल्या नखासारखी वळलेली. अशा आणखी पंचवीस-तीस, शेडमधल्या टेबलावर, प्रेसच्या पायाशी.

*

फ्रिजच्या दारात, मोहरीच्या बाटलीशेजारी, डोळ्यांत घालायच्या थेंबांची कुपी.

*

दुखवट्याच्या घरी आलेली बारा भांडी. बटाटे, खिमा, चीज. अकरांच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव. बारावा डोनटचा खोका, दुकानातला, विनानावाचा.

*

एक रिव्हॉल्व्हर. सहा घरं. दोन झाडलेली, चार भरलेली. चाप ओढला तर ओढला जात नाही.

*

ऑर्विन ट्वेट ऑक्टोबरच्या चोवीस तारखेला, शनिवारी सकाळी, घरामागच्या ओढ्याकाठी मेला. पडलेली सफरचंदं गोळा करायला बादली घेऊन गेला होता. अस्वलही त्याच सफरचंदांसाठी आलं होतं. तो बहात्तर वर्षांचा होता. लाकूडगिरणीच्या कारखान्यात साचे बनवण्यात त्याची चाळीस वर्षं गेली, आणि मोंटानाच्या आमच्या या कोपऱ्यात काडतूस घरी कसं भरायचं हे ज्यांना येतं, त्यांतल्या अर्ध्या लोकांना ते त्यानेच शिकवलेलं. मलाही.

अस्वलाने मारलं, यात कोडं काहीच नव्हतं. कोडं त्याच्या हातात होतं.

आमच्याकडे कोरोनर, म्हणजे अपघाती मृत्यूची चौकशी करणारा, मतांनी निवडून येतो. जोलीन प्रुइटचं अंत्यविधीचं दुकान आहे, त्यामुळे तिच्याविरुद्ध कुणी उभं राहत नाही. शेवटी सगळ्यांना तिच्याकडेच जायचं आहे. सोमवारी ती ते रिव्हॉल्व्हर कागदी पिशवीत घालून माझ्याकडे आली. हार्डवेअरच्या दुकानामागे मी बंदुका दुरुस्त करतो.

"गस, हे का अडलंय, ते सांग," ती म्हणाली. "शुक्रवारी त्याला पुरायचंय. त्याआधी मला फॉर्म भरायचाय. आणि केंट माझ्या डोक्यावर बसलाय."

केंट म्हणजे ऑर्विनचा मुलगा, स्पोकेनला असतो. शनिवारी संध्याकाळीच तो येऊन पोचला होता. बापाच्या हातातलं हत्यार ऐन वेळी बंद पडलं हे कळल्यापासून त्याने एकच घोकणं लावलं होतं: ही काडतुसं बाबांची नव्हेत, बाबांचा हात असा चुकत नाही, ज्याने कुणी भरली त्याला मी कोर्टात उभा करीन. कुणी म्हणजे कोण, हेही तो आडपडदा न ठेवता सांगत होता. रोली कुचेरा. बाबांच्या क्लबातला, त्यांच्याशी दोन वर्षं अबोला धरलेला रोली.

मापात आणणं

लाकडी हातोडीने हलके ठोके देत मी सहा घरांचं चक्र सोडवलं. कारण समोरच होतं. तिसऱ्या काडतुसातली गोळी आपल्या पितळी पुंगळीतून पुढे सरकून चक्राबाहेर डोकावत होती आणि चौकटीला अडली होती. पहिल्या दोन बारांच्या धक्क्याने ती सरकली. रिव्हॉल्व्हर वजनाला हलकं, धक्का जबर. म्हणून तर पुंगळीचा काठ गोळीवर आतल्या बाजूला मुडपायचा असतो. तो मुडपलेला काठच गोळीला धरून ठेवतो.

इथे काठ मुडपलेला नव्हता. उरलेल्या तिघांचाही नाही. शेडमधून आणलेल्या खोक्यातल्या एकशे चौऱ्याण्णवांचाही नाही.

"म्हणजे शेवटची पायरी विसरला," जोलीन म्हणाली.

मीही तसंच म्हटलं. म्हातारा माणूस, चुकला. ती फॉर्म काढून लिहायला लागली. मी सवयीने खोक्यातलं एक काडतूस उचललं आणि रिकाम्या घरात सोडलं. ते टपकन आत गेलं.

"थांब," मी म्हणालो. "हे आत जायला नको होतं."

फुलवणं

प्रेसमध्ये बसवायच्या तीन डाय असतात, म्हणजे पोलादी साचे. पहिलीत झाडलेली, फुगलेली पुंगळी आवळून पुन्हा मापात येते. दुसरी तिचं तोंड केसभर फुलवते, म्हणजे गोळी न खरवडता आत बसावी. तिसरी गोळी खाली दाबते आणि तो फुललेला काठ आत वळवते. जोलीनला हे मी टेबलावर तीन कप मांडून समजावलं.

तिसरी पायरी राहिली, तर तोंड फुललेलंच राहील. फुललेलं तोंड चक्राच्या घरात शिरत नाही, अडतं. शिकाऊ माणसाला सुद्धा ते लगेच कळतं. पण ही काडतुसं गुळगुळीत आत जात होती. म्हणजे तोंड फुललेलंच नव्हतं. दुसरी पायरीही झाली नव्हती.

"दोन पायऱ्या विसरला? दोनशे वेळा?"

"शिशाच्या काता सापडल्यात का तिथे?"

सापडल्या होत्या. न फुललेल्या तोंडात गोळी बळजबरीने दाबली की कडेने शिसं सोललं जातं. म्हणजे दुसऱ्या डायमधून पुंगळी गेली होती, तिसरीतूनही गेली होती, आणि दोन्हींनी आपलं काम केलं नव्हतं. पहिलीने मात्र चोख केलं होतं.

जोलीनने फॉर्म घडी करून खिशात घातला. "डाय कुणी हलवल्या असतील तर?"

तर हा खून होता.

शेडमध्ये जायला अंगण ओलांडावं लागतं. केंट पायरीवर उभा होता. मागच्या महिन्यात सुट्टीला आलास तेव्हा बाबांच्या प्रेसवर काही भरलंस का, असं जोलीनने त्याला सहज विचारलं. भरलं होतं, तो म्हणाला, स्वतःच्या पिस्तुलासाठी पन्नास, पण बाबांच्या डायांना बोट लावलं नाही. स्वतःच्या डाय आणल्या होत्या, वेगळ्या बैठकीवर बसवलेल्या. मग त्याचे कान लाल झाले. "माझ्यावर शंका घेतेयस?"

"सगळ्यांवर," जोलीन म्हणाली. "माझा पगारच त्याचा आहे."

ऑर्विनच्या तिन्ही डाय आपल्या बैठकीवर होत्या. साचे बनवणाऱ्या माणसाची सवय: डाय एकदा जुळली की डाय, तिला घट्ट धरणारी कडी आणि बैठक, तिघांवरून एक सलग लाल रेघ. नेलपॉलिशची, त्याच्या बायकोच्या, मार्लिसच्या कुपीतली. कुणी डाय केसभर जरी फिरवली तरी रेघ तुटते. मी भिंग लावून पाहिलं. तिन्ही रेघा अखंड होत्या, वरचा रंग जुना, तडकलेला. वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नव्हता.

केंट सुटला. पण आता उत्तरच उरलं नाही. माणूस कसलेला, डाय जागेवर, प्रेसचा दांडा दोनशे वेळा ओढलेला, तरी काठ कोरा.

मी भिंग ठेवलं तेव्हा जोलीन स्टुलाकडे बघत होती. तिने त्यावर बसून पाहिलं. ती पाच फूट तीन इंच आहे. तिचे पाय जमिनीला टेकले. ऑर्विन सहा फुटांहून उंच होता. तो इथे बसला असता तर त्याचे गुडघे छातीला लागले असते. मग तिने प्रेसशेजारची, काडतुसांच्या नोंदींची वही उघडली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ऑर्विनची बारीक, रेखलेली अक्षरं. मग मोठी. मग ओळ सोडून उतरणारी. गेल्या वर्षीच्या जानेवारीत नोंदी संपल्या. खोक्यांवरच्या चिठ्ठ्या मात्र त्यानंतरच्याही होत्या, गोलसर, शाळेतल्या बाईंच्या वळणाच्या.

"गस," ती हळू म्हणाली, "त्या पाटीवर काय लिहिलंय तुमच्या क्लबात?"

मुडपणं

मार्लिस ट्वेट स्वयंपाकघरात लोकांची भांडी धूत होती. चिकटपट्टीवरची नावं भिजू नयेत म्हणून बुडं वर धरून. केंटला जोलीनने काहीतरी आणायला गावात पाठवलं. मग तिने फ्रिज उघडून डोळ्यांच्या थेंबांची ती कुपी टेबलावर ठेवली.

मार्लिसने हात पुसले.

"काचबिंदू," ती म्हणाली. "डावा डोळा गेलाच होता. उजव्याने नळीतून बघावं तसं दिसायचं, तेही धुरकट. कुणाला सांगायचं नाही म्हणून बायबलवर हात ठेवायला लावला मला. लायसन्स जाईल, बंदुका जातील, केंट उचलून स्पोकेनला नेईल. मी म्हटलं बरं."

"काडतुसं?"

"पावणेदोन वर्षं मीच भरतेय."

ते दोघं शेडमध्ये बसत. ती स्टुलावर, तो उलट्या बादलीवर. तो सांगे, ती करी. तो दांड्याचा आवाज ऐके आणि प्रत्येक खेपेची पहिली पाच-सहा काडतुसं हातात घेऊन काठावरून नख फिरवी. बरोबर असलं की मान हलवी, मग ती पुढची भरी. क्लबात तो सांगायचा, माझ्या हातची. ती म्हणायची, म्हण बाबा.

"आणि ही शेवटची खेप?"

"अकरा तारखेला. रविवार, चर्चहून आल्यावर." ती थांबली. "त्या खेपेला दांडा हलका गेला. मला वाटलं, माझा हात बसला. त्याला सांगितलं तर हसला. म्हणाला, चला, पावणेदोन वर्षांनी का होईना."

"नख फिरवलं नाही त्यांनी?"

मार्लिसने ठिबकणारा नळ घट्ट आवळला.

"फिरवणारच होता. पहिलं हातात घेतलं आणि फोन वाजला. केंटचा. नेहमीचंच, घर विका, इकडे या. शेडमधलं काम अर्धवट टाकून आलोय, असं म्हणत म्हणत पाऊण तास भांडले दोघं. परत आला तो नख न फिरवताच बादलीवर बसून राहिला. मी माझी माझी भरत गेले." मग तिने जोलीनचं मनगट धरलं. "हे लिहा की मी मारलं त्याला. पण फोनचं लिहू नका. केंटला कळता कामा नये."

मी खिडकीबाहेर बघत होतो. ओढ्याच्या बाजूला सफरचंदाच्या झाडाखाली पिवळी फीत बांधलेली होती.

जोलीनने तिला सांगितलं की दांडा हलका गेला हे तुम्ही सांगितलंत ते फार बरं झालं, कारण ज्याने चूक केलेली असते तो असलं काही सांगत नाही. मग म्हणाली, ऑर्विनच्या जुन्या, न भरलेल्या पुंगळ्या कुठे आहेत, त्या मला दाखवा.

पुंगळी

उत्तर माझ्या व्हर्नियरमध्ये होतं. ते मला आधी सुचलं नाही, बंदुका न चालवणाऱ्या बाईला सुचलं, याची लाज मला अजून वाटते.

तिचा विचार असा होता. डाय हलल्या नाहीत. हात चुकला नाही. पहिली डाय पुंगळी आवळते, तिला लांबीशी घेणंदेणं नाही. ती चोख चालली. दुसरी आणि तिसरी पुंगळीच्या काठाला भेटतात, ठरलेल्या उंचीवर. दोघी एकाच वेळी, एकाच मापाने कमी पडल्या. "दोन माणसं ठरलेल्या जागी गेली आणि दोघांनाही तिसरा भेटला नाही," ती म्हणाली, "तर चूक त्या दोघांची नसते. तिसराच पोचलेला नसतो."

ऑर्विनच्या ड्रॉवरमधल्या जुन्या पुंगळ्या मी मापल्या. काही लांब, काही थोड्या आखूड, पण डाय जुळवलेल्या त्या लांबीच्या आसपास. मग शेवटच्या खेपेतल्या मापल्या. त्या सगळ्या आखूड होत्या, अंगठ्याच्या नखाच्या जाडीएवढ्याने. काठ पोचलाच नव्हता.

आणि सगळ्यांची लांबी एकच होती. वीस मापल्या, विसांची सारखी. झिजून असं होत नाही. कुणीतरी एकेक पुंगळी यंत्राला लावून छाटली होती.

मी व्हर्नियर खाली ठेवलं. रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्या कुणी छाटत नाही. एवढी कटकट कोण करतो? आमच्या तालुक्यात तर एकच माणूस करतो, आणि त्याच वादातून दोन वर्षांपूर्वी क्लबात कॉफीचे कप आपटले गेले होते. लांबी सारखी नसेल तर काठ सारखा मुडपला जात नाही, असं रोली म्हणायचा. ऑर्विन म्हणाला होता, तुला बायको नाही म्हणून तुला वेळ आहे. रोलीची बायको जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. ऑर्विनला हे बोलून झाल्यावर आठवलं. माफी मागायची त्याला सवय नव्हती.

पुंगळ्या रोलीकडे गेल्या होत्या का, असं मार्लिसला विचारलं. हो, ती म्हणाली, सप्टेंबरात पुंगळ्या घोळवून स्वच्छ करायचं आमचं यंत्र जळलं. ऑर्विनला न सांगता ती पुंगळ्यांची बादली रोलीकडे घेऊन गेली. त्याच्याकडे मोठं यंत्र आहे, अक्रोडाच्या टरफलांचा भुसा घालून फिरवतात ते. आठवड्याने त्याने सोन्यासारख्या करून परत दिल्या. घरीच धुतल्या, असं तिने ऑर्विनला सांगितलं.

"रोलीने आणखी काही केलंय, असं म्हणाला का?"

"नाही. नुसता हसत होता."

रोली कुचेरा शाळेत रखवालदार होता. त्याच्या गॅरेजमध्ये झाडू सुद्धा उंचीप्रमाणे लावलेले आहेत. आम्ही गेलो तेव्हा तो काही करत नव्हता, नुसता खुर्चीवर बसला होता. टेबलावर डोनटच्या दुकानाची पावती होती.

जोलीनने त्याच्यापुढे एक पुंगळी उभी ठेवली. त्याने ती उचलून काठावरून अंगठा फिरवला.

"माझीच," तो म्हणाला. "दोनशे. चार दिवस लागले. सगळ्यात आखूड जी निघाली, तिच्या मापाला बाकीच्या आणल्या."

"का?"

"तो मापल्याशिवाय भरत नाही. निदान एकतरी मापतोच. म्हटलं, मापेल, कळेल त्याला, कुणाचं काम ते. मग डाय पुन्हा जुळवेल आणि फोन करून मला शिव्या घालेल." त्याने पुंगळी होती तिथेच ठेवली. "दोन वर्षं झाली होती. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं मला."

मग जोलीनने त्याला डोळ्यांचं सांगितलं, कारण कधीतरी सांगावंच लागणार होतं.

रोलीने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिला, स्वच्छ असलेला चष्मा.

"मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला. आणि मग: "भरली कुणी?"

मी जोलीनकडे पाहिलं. तो काही मूर्ख नव्हता.

"केंटला माझं नाव द्या," तो म्हणाला. "तिचं मधे आणू नका. मीच भरून दिली म्हणा."

फॉर्म

फॉर्ममध्ये एक ओळ असते, मृत्यूचं कारण. जोलीनने लिहिलं: अस्वलाचा हल्ला, अपघात. हत्यारासाठी वेगळी जागा असते. तिथे तिने लिहिलं, काडतुसांच्या मापात तफावत, हेतू नाही. नाव घातलं नाही. कायद्याने ते लागत नाही, असं ती मला दोनदा म्हणाली.

शुक्रवारी दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. कागदी ताटल्या, हॅम, जेलीचं सॅलड. बाहेर गारठा, आत ओल्या कोटांचा वास. केंट कॉफीच्या टेबलापाशी उभा होता आणि ज्याला त्याला सांगत होता की कोरोनरने पांघरूण घातलंय, पण मी वकील बघितलाय.

रोली कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठला. त्याने कोटाची बटणं लावली, सगळी, खालपासून वर, आणि केंटच्या दिशेने चालू लागला. माणसं बाजूला झाली. दोन वर्षांचा अबोला सगळ्यांना ठाऊक होता.

मार्लिस त्याच्याआधी पोचली. तिच्या हातात कुणाचंतरी धुतलेलं भांडं होतं.

"केंट," ती म्हणाली, "काडतुसं मी भरली."

जवळच्या दोघांनी कागदी ताटल्या खाली ठेवल्या.

"तुझ्या बाबांना दिसत नव्हतं. दोन वर्षं मीच भरत होते. पुंगळ्या आखूड होत्या, मला कळलं नाही. आता कुणाला कोर्टात न्यायचं ते ने."

"मी छाटल्या त्या," रोली मागून म्हणाला. "तिला माहीतच नव्हतं."

"तू बस, रोली."

रोली उभाच राहिला. केंट आईकडे बघत होता. त्याचा चेहरा आधी रागाचा होता, मग कसलाच नव्हता. त्याने विचारलं ते एकच, अगदी बारीक आवाजात:

"कधी भरलीस? कोणत्या दिवशी?"

जोलीन माझ्या शेजारी होती. त्याचा फोन कोणत्या दिवशी आला होता, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

मार्लिसने भांडं टेबलावर ठेवलं, पालथं घालून बुडावरचं नाव वाचलं आणि ते ज्या बाईचं होतं तिच्याकडे सरकवलं.

"आठवत नाही," ती म्हणाली. "मधल्या कुठल्यातरी वारी."

केंटने मान हलवली. मग तो एका घडीच्या खुर्चीवर बसला, आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर, बऱ्याच वेळाने, रोली बसला. मार्लिसने दोघांना कॉफी आणून दिली आणि स्वयंपाकघरात भांडी धुवायला गेली. तिला मदत करायला दोन बायका उठल्या होत्या. तिने त्यांना परत पाठवलं.

*

चोवीस तारखेला सकाळी न अडता सुटलेल्या पहिल्या दोन गोळ्या ओढ्यापलीकडच्या लार्चच्या झाडाच्या खोडात, जमिनीपासून नऊ फुटांवर घुसल्या; अस्वल अलीकडून, ऑर्विनच्या डाव्या हाताच्या झुडपातून आलं होतं.